बिनघंटीची सायकल

आधी माफी मागतो. आमच्या घरात स्वतःची सही करणारा मी पहिला. माझ्याआधी आमच्या माणसांचा कागदाशी संबंध अंगठ्यापुरता होता. कॉलेजात चार पुस्तकं वाचली म्हणून लगेच कुणाचं चित्र शब्दांत काढायला बसावं, हा आगाऊपणा आहे हे मला कळतं. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते माझे सख्खे धाकटे चुलते, आणि त्यांच्याशी मी शेवटचं जे बोललो ते मला अजून गिळता आलेलं नाही. पण त्यांच्याबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही. तेव्हा चुकतमाकत मीच लिहितो. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत मिळून सायकलीची खरी पारख असलेला माणूस एकच, तो म्हणजे आमचे नाना. आणि या माणसाला माझ्या पिढीतल्या कुणीही गावात कधी सायकलवर बसलेलं पाहिलेलं नाही. या दोन्ही गोष्टी शपथेवर सांगण्यासारख्या आहेत. नानांची स्वतःची सायकल होती. तिचा मूळ रंग कोणता हे खुद्द नानांनाही आठवत नसे. तिला पुढचं मडगार्ड नव्हतं, चेनकव्हर नव्हतं, दिवा नव्हता, घंटी नव्हती. ती कायम नानांच्या उजव्या हाताला असायची आणि तिच्या डाव्या बाजूनं नाना चालत असायचे. बैल पाण्यावर नेताना माणूस त्याच्या वशिंडावर हात ठेवून चालतो ना, तसा त्यांचा एक हात सीटवर असायचा. पावसाळा संपला की नाना रानात हिरडा गोळा करत आणि त्याची पोती सायकलच्या दोन्ही अंगांना बांधून भोरच्या बाजारात नेत. ओझं लादल्यावर माणूस बसणार कुठं, हे ठीक. पण पोती विकून रिकाम्या सायकलनं परत येतानासुद्धा नाना गावात चालतच शिरत.

आमच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. दोन तालुक्यांच्या मधल्या डोंगरात ते आहे एवढं पुरे. भोरकडून येणारी वाट खिंड उतरते, ओढा ओलांडते, पारापाशी येते, तिथून गावाच्या ऐन मधून जाते आणि पलीकडच्या टोकाला, खालच्या अंगाला संपते. जिथं संपते तिथं आमची आळी. आम्ही दीक्षा घेतली, घरातले जुने देव ओढ्यात सोडले, आळीचं नाव बदललं. वाट मात्र होती तीच राहिली. पारावर बाराही महिने आप्पा बसलेले असत. आप्पा म्हणजे पाटलांच्या भावकीतले, सगळ्या गावाचे आप्पा. हातात अडकित्ता, मांडीवर पानाची चंची. नाना सायकल हाताशी धरून पारापाशी आले की आप्पा सुपारीवरची नजर न काढता विचारत, "काय नाना, पंक्चर?"

नाना म्हणत, "व्हय जी, पंक्चर."

"लेका, तुझ्या चाकाला काटं बी बरं रोज गावत्यात!"

"नशीब जी," नाना म्हणत. मग पारावर हशा व्हायचा, त्यात नानाही हसायचे आणि पुढं चालू लागायचे. मला कळायला लागल्यापासून मी हा संवाद ऐकत आलो. त्यात एका अक्षराचा फरक पडलेला मला आठवत नाही. लहानपणी मला नानांची फार कीव यायची. एवढा सायकलीतला जाणकार माणूस आणि रोज पंक्चर! चौथीच्या सुट्टीत मी एकदा त्यांच्या नकळत चाक खोललं, ट्यूब बाहेर काढली, घमेल्यात पाणी घेऊन तिचा इंचन् इंच बुडवून पाहिला. एक बुडबुडा आला नाही. मी धावत जाऊन नानांना सांगितलं, "नाना, पंक्चर न्हाईच!" मला वाटलं होतं शाबासकी मिळेल. नाना म्हणाले, "हवा भर आन गप बस."

सायकल घ्यायची झाली की लोक नानांना बोलवायला येत. मार्गासनीकडून येत, पार भोंगवलीहून कुणाच्या तरी ओळखीनं येत. जातपात त्या दिवसापुरती कुणाला आठवत नसे. सायकल म्हणजे घरातली सगळ्यात मोठी खरेदी, तिथं माणूस जाणकार हवा. नाना डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळून निघत. त्यांची पाहणी अशी असे की दुकानदाराला घाम फुटावा. जुनी सायकल असली तर नाना आधी सायकलीकडं बघतच नसत, विकणाऱ्याच्या पायांकडं बघत. त्याच्या वहाणांचे तळ झिजलेले दिसले की म्हणत, "ब्रेक न्हाईत. गडी पायानं थांबतोय." आणि हे कायम खरं निघे. मग चाक उचलून गरकन् फिरवायचे, एक डोळा मिटून त्याची वाकडीतिकडी चाल बघायचे. तारांवरून नाणं फिरवायचे आणि सतारवाल्यानं कान द्यावा तसा कान द्यायचे. त्यानंतर फ्रीव्हील. पायडल न मारता चाक मोकळं सोडलं की फ्रीव्हीलच्या आत टिकटिक होते. आत लोखंडी खिट्ट्या असतात त्यांना सायकलवाले कुत्री म्हणतात. बाकी लोकांना ही टिकटिक आवडते, दमदार वाटते. नानांना अजिबात खपत नसे. "कुत्री मुकी पायजेत," असं म्हणून ते फ्रीव्हीलमध्ये ग्रीस ठासायला लावत, मगच पुढं बोलत.

आणि सगळ्यात शेवटची परीक्षा डोक्याची. डोक्यावरच्या रुमालाची ते चुंबळ करत, सायकल उचलून तिची दांडी त्या चुंबळीवर तोलत, आणि तशीच दहावीस पावलं चालून बघत. पसंत पडली तर म्हणत, "बसती." नाही पडली तर, "टोचती." बघणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळे. शेजारच्या गावच्या प्राथमिक शाळेतल्या मास्तरांना एकदा डायनॅमो लावलेली नवी सायकल घ्यायची होती. भोरच्या दुकानात मास्तर किमतीची घासाघीस करत होते, तेवढ्यात नानांनी सायकल डोक्यावर घेतली आणि विचारात गढून चालू लागले ते थेट नीरेच्या पुलापर्यंत गेले. दुकानदार "चोर, चोर" करत मागं, मास्तर "अहो, आमचेच आहेत" करत त्याच्या मागं. पुलावर नाना शांतपणे वळले आणि मास्तरांना म्हणाले, "घिऊ नगा. मानंला रग लागती."

"अहो नाना," मास्तर दम खात म्हणाले, "मला ती चालवायचीय. डोक्यावर कशाला घेऊ?"

"वढ्याला पानी आलं की सायकल मानसावर बसती, मास्तर. डोंगरातली सायकल बसायच्या आदी उचलून बगावी."

हे मास्तरांना पटलं, आणि खोटं नव्हतंच. आमच्याकडं चार महिने दर मैलाला एक ओढा आडवा येतो. नानांची प्रत्येक गोष्ट अशीच होती, ऐकायला वेडगळ आणि विचार केला की सोयीची. नवी सायकल घेऊ नये, कारण "नवी सायकल मानसाच्या आदी गावात पोचती." दिवा नको, कारण दिसायला आपले डोळे पुरतात. घंटी तर नकोच; व्यवहार ठरला की नाना खिशातून पाना काढून तिथल्या तिथं घंटी उतरवत. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणत, "आपुन लोकांच्या मागनं चालावं. लोकांनी आपल्यासाठी कडंला का व्हावं?" वरच्या आळीतली पोरं घरी गेल्यावर घंटी पुन्हा बसवून घेत. आमच्या आळीतली बसवत नसत. हा फरक माझ्या तेव्हा ध्यानात आला नाही. आम्हाला वाटे, एवढ्या मोठ्या जाणकाराला एखादं खूळ असायचंच.

मी मॅट्रिक झालो आणि सायकलीचा प्रश्न माझ्याच दारात आला. भोरला नुकतं कॉलेज निघालं होतं, वर्ग सकाळी साडेसातला भरत. आमच्या बाजूची पहिली एसटी भोरला पोचेपर्यंत निम्मे तास झालेले असत, आणि भोरला खोली घेऊन राहणं आमच्या आवाक्यात नव्हतं. अकरा मैल जायचं, अकरा मैल यायचं, मध्ये खिंड. म्हणजे सायकल मिळाली तर कॉलेज, नाहीतर नानांबरोबर हिरडा. बाबांनी दोन शेळ्या विकल्या आणि पैसे नानांच्या हातात ठेवून म्हणाले, "ह्याला बसंल अशी बग."

मला वाटलं, दोन दिवसांचं काम. त्याला पाच आठवडे लागले. राजवाड्याच्या बाजूच्या एका दुकानात नवी हिरवी सायकल होती, तिच्यावर माझा जीव जडला होता. पैसे थोडे कमी पडत होते, दुकानदार हप्त्यानं द्यायला तयार होता. नाना म्हणाले, "टोचती." मी म्हणालो, "नाना, तुमी डोक्यावर तरी कुठं घेतली?" तर म्हणाले, "बगूनच टोचती." मग जुन्यांचा शोध. एका दूधवाल्याची पाहिली. "नगं, दुधवाल्याची सायकल दर दाराला थांबती, तिला सवय लागल्याली असती." एका हवालदाराची चांगली दणकट होती, स्वस्तात मिळत होती. तिला नानांनी हातसुद्धा लावला नाही. एका शिंप्याची होती, तिचं हँडल वाकडं. तोवर कॉलेज सुरू झालं होतं. रोज पहाटे उठून मी धावतपळत खिंड चढत होतो आणि दुसऱ्या तासाला घामेजलेला वर्गात शिरत होतो. हजेरी कमी पडली तर टर्म जाईल, असं प्राध्यापकांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं. मी नानांना ते सांगितलं तेव्हा आवाज चढला होता हेही कबूल करतो. नाना एवढंच म्हणाले, "लेका, सायकल तुला जन्माला पुरायची हाय. पाच आठवडं काय घिऊन बसलास?"

शेवटी भोरला एक पोस्टमन निवृत्त झाले, त्यांनी स्वतःची सायकल विकायला काढली. लाल रंगाची, ठिकठिकाणी रंग उडालेला, सीट कातडी आणि माणसाच्या बैठकीनं तुकतुकीत झालेली. नानांनी पोस्टमनच्या वहाणा पाहिल्या, तळ शाबूत होते. चाक फिरवलं, नाणं वाजवलं. डोक्यावर घेऊन अंगणात फेरी मारली. आणि मग, पाच आठवड्यांत पहिल्यांदा, त्यांचा चेहरा उजळला. पोस्टमनना त्यांनी विचारलं, "भाऊसायेब, ही समद्या आळ्यांतनं जायाची?"

"जायची म्हणजे? बावीस वर्षं गेली. पत्र कुणाला नको असतं?"

"कुनी कदी आडवली न्हाई?"

पोस्टमन हसले. "पोस्टाच्या सायकलीला कोण अडवील?"

"बसती," नाना माझ्याकडं वळून म्हणाले. "ही घे पोरा. हिला सवय हाय."

काय सवय, हे मी विचारलं नाही. माझं लक्ष हँडलवरच्या पितळी घंटीकडं होतं. चांगली वाटीएवढी, पोस्टमननं चिंचेनं घासून चकचकीत ठेवलेली. मी अंगठा पुढं केला, तेवढ्यात नानांचा तळहात तिच्यावर पडला. माझा अंगठा लागला, पण हाताखाली नुसतं ठक् झालं. दुसऱ्या मिनिटाला ती घंटी उतरून त्यांच्या कोपरीच्या खिशात गेली होती.

परतीच्या वाटेवर खिंडीपर्यंत आम्ही दोघं चालत आलो. माथ्यावर वारा होता, लांबवर राजगडाचा माथा ढगात होता, पुढं-मागं माणूस नव्हतं. नानांनी चारी बाजूंना पाहिलं, धोतराचा सोगा कमरेला खोचला आणि म्हणाले, "आण हिकडं, उताराला कशी जाती बगू." आणि टांग टाकून बसले! मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. साठीला टेकलेला तो माणूस वळणावर वळणं असा कापत गेला की वाटलं, सायकल त्यांच्या अंगातूनच उगवली आहे. पहिल्या वळणाला त्यांनी एक हात सोडला, दुसऱ्याला दोन्ही. दोन्ही हात पसरून, रुमालाचं टोक वाऱ्यावर फडफडतंय, तोंडानं कसलंसं गाणं मोठ्यानं म्हणत नाना खिंड उतरले. मी मागं धावत होतो आणि आनंदानं ओरडत होतो. आयुष्यात इतकं सुंदर सायकल चालवणं मी पुन्हा पाहिलेलं नाही.

ओढ्याच्या अलीकडं ते थांबले होते. धोतर सारखं केलेलं, रुमाल नीट बांधलेला, चेहरा रोजचा. सायकल माझ्या हातात देत म्हणाले, "आता चालत." मी म्हणालो, "मी बसतो ना." तर म्हणाले, "वढ्याच्या पल्याड चालत. सांगतोय ते ऐक." आम्ही ओढा ओलांडला, पारापाशी आलो. आप्पांनी लाल सायकल पाहिली, मला पाहिलं, सुपारी कातरली.

"काय नाना, पुतण्याची बी पंक्चर?"

"व्हय जी," नाना म्हणाले, "त्याची बी."

त्या दिवसापासून मीही ओढ्यापाशी उतरू लागलो. आधी नानांचा शब्द म्हणून, मग सवय म्हणून. रोज बावीस मैलांपैकी गावातला तो पाव मैल चालत. दुसऱ्या वर्षी कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा झाली, विषय समतेचा होता. मी राज्यघटनेतली वाक्यं पाठ करून तळमळीनं बोललो, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला पहिलं बक्षीस मिळालं. शाल नव्हती, एक पुस्तक होतं. ते कॅरिअरला लावून मी खिंड उतरलो आणि ओढ्यापाशी पाय आपोआप खाली आला. त्या क्षणी स्वतःची जी किळस वाटली ती कोणत्या शब्दांत लिहावी हे मला अजून सुचलेलं नाही. पारावरून जाताना ते पुस्तक मी काखेत लपवलं.

त्या संध्याकाळी मी काकींना, म्हणजे नानांच्या मंडळींना, सरळ विचारलं. काकी भाकरी थापत होत्या. थापता थापताच त्यांनी सांगितलं, जसं काही दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगतात.

"लगीन झालं तवा ते पुन्याला लष्करात एका सायबाकडं व्हते. सायबानं जाताना नवी सायकल दिली. तिच्यावर बसून कात्रजवरनं हितवर आलं, समदी वाट. मला दावायला. पारापाशी शेरडं आडवी आली, म्हनून घंटी वाजीवली. झालं की! पारावरची मान्सं उटली. म्हनली, आमाला बाजूला सर म्हनतोस व्हय? सायकल डोक्यावं दिली आन गावाला तीन फेऱ्या घालायला लावल्या. म्या दारात हुबी, नवी नवरी. चालताना पाऊल पडलं की ती घंटी आपली आपुन वाजायची. टिंग, टिंग. लोकं हसायची. दुसऱ्या दिशी भोरला जाऊन इकून आलं." भाकरी तव्यावर टाकून त्यांनी हात धुतला. "मानंला दांडीचा वळ व्हता. लई दिस."

चुंबळ, "टोचती", "मानंला रग लागती", मुकी कुत्री, उतरवलेल्या घंट्या, सगळं एकापाठोपाठ एक माझ्यापुढं येऊन उभं राहिलं. नीरेच्या पुलावरची ती मजेदार शर्यत मी किती जणांना रंगवून सांगितली होती, कॉलेजात तर नक्कल करून दाखवली होती. आमच्या पोरांसाठी सायकल निवडताना नाना एवढंच बघत होते की, उद्या ही पोराच्या डोक्यावर दिली तर त्याला किती जड जाईल.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी ठरवून आलो. ओढ्यापाशी उतरलो नाही. तेव्हा काळ बदललेला होता, कायदा होता, कुणी कुणाच्या डोक्यावर सायकल देण्याचे दिवस राहिले नव्हते. हे मला माहीत होतं आणि पारावरच्यांनाही माहीत होतं. मी बसून पाराकडं निघालो. आप्पांनी मान वर केली. ते रागावले नाहीत. उठले नाहीत. एक शब्द बोलले नाहीत. नुसतं पाहिलं, सुपारीचं खांड बोटांत तसंच. आणि माझा पाय खाली टेकला. मला कुणी उतरवलं नाही. मीच उतरलो.

"काय रं," आप्पांनी विचारलं, "पंक्चर?"

आणि मी, समतेवरचा पहिल्या बक्षिसाचा वक्ता, म्हणालो, "व्हय."

तिथून मी जो घरी आलो तो सगळा राग घेऊन नानांपुढं उभा राहिलो. खरं तर राग माझा माझ्यावर होता, पण आपल्यावरचा राग काढायला माणूस जवळचं माणूस शोधतो. नाना ओट्यावर हिरडा निवडत होते. मी म्हणालो, "माझी घंटी द्या." ते म्हणाले, "कोनाड्यात हाय, फडक्यात बांदून. घे." मी हललो नाही. म्हणालो, "रोज खोटं बोलायचं, रोज हसं करून घ्यायचं, लाज वाटत नाही?"

नाना हातातला हिरडा बघत म्हणाले, "पंक्चर म्हनलं की लोक हसत्यात, पोरा. हसणारा मानूस काटी उचलत न्हाई."

"आता कोण काठी उचलतंय?" मी ओरडलो. "काठी कधीच गेली! तुम्हीच ती जपून ठेवलीत, आमच्यासाठी! तुम्ही मला सायकल नाही घेऊन दिलीत, नाना. पंक्चर घेऊन दिलंत."

काकी आतून दारापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या. नाना उठले, तेलाचा डबा घेतला आणि माझ्या सायकलीच्या चेनला तेल घालू लागले. एकेका कडीला एकेक थेंब. सबंध चेन होईपर्यंत ते उठले नाहीत, आणि तोवर मीही तिथं थांबलो नाही.

वर्षाच्या शेवटी मी पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला आलो. वसतिगृहात जागा मिळाली. सायकल नेली नाही. नानांच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि "वापरा" एवढंही म्हणालो नाही. पहिल्याच दिवाळीला आई-बाबा माझ्या बहिणीकडं, तिच्या सासरी, कामाला म्हणून राहायला गेले, त्यामुळं गावाला जायचं एक कारण कमी झालं. दुसरं होतं, पण तिकडं पाय वळत नव्हते. नानांना पत्र लिहायला मी तीनदा बसलो. त्यांना वाचता येत नव्हतं. कुणाकडून तरी वाचून घेणार, तो कोण असेल, त्याच्या तोंडून माझी माफी कशी ऐकू येईल, असा विचार करत ते राहून गेलं. ही सबब आहे हे मला कळतं. पोस्टमन तर सगळ्या आळ्यांतून जातो.

परवा स्वारगेटच्या स्टँडवर मला आप्पा भेटले. दवाखान्याला आले होते, गाठोड्यावर बसले होते, पार नसल्यामुळं एकदम लहान दिसले. त्यांनीच हाक मारली, "काय रं कालेजवालं, वळकलं का?" मी जवळ गेलो. आप्पांनी सवयीनं पानाची चंची पुढं केली, स्वतःच्या हातानं मला सुपारी दिली. मी घेतली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग ते म्हणाले, "तुजं नाना गेलं ते बरं न्हाई झालं. भला मानूस व्हता."

मला काही कळेना. "कुठं गेले?" मी विचारलं.

आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. "आरं, तुला कळीवलं न्हाई व्हय कुनी? होळीच्या आदी. दोन दिस ताप आला आन गेलं."

होळीला सहा महिने झाले होते. काकी माहेरी गेल्या होत्या, असं त्यांनी सांगितलं, आणि बहिणीकडं धाडलेला निरोप कुठं तरी वाटेतच राहिला असावा. आप्पा बोलत राहिले. म्हातारी माणसं बोलतात तसं, कुणी ऐकतंय की नाही हे न बघता.

"पन शेवटाला जरा भ्रमल्यासारखं झालं व्हतं रं त्यांचं. तुजी ती तांबडी सायकल घिऊन फिरायचं. आन तिला घंटी बशीवली व्हती, ही येवडी. आमी आपलं नेमापरमानं इचारायचो, काय नाना, पंक्चर? तर बोलायचं न्हाईत. घंटी वाजवायचं."

"बसून जायचे?" मी विचारलं.

"न्हाई, न्हाई. चालतच. सीटवर हात ठिवून, नेमीपरमानं. पन घंटी वाजवायचं. वाटंला कुत्रं बी आडवं नसायचं, तरी वाजवायचं. पार वलांडून होस्तवर."

भोरची गाडी लागली. आप्पांचं गाठोडं मी उचलून आत ठेवलं, त्यांना खिडकीपाशी बसवलं. कंडक्टरनं दार ओढून घेतलं तेव्हा मला दुसरं काहीच सुचेना. मी खिडकीखाली उभा राहून विचारलं, "आप्पा, आवाज कसा होता?"

"कशाचा?"

"घंटीचा."

आप्पांनी जरा आठवल्यासारखं केलं. गाडी हलली.

"लई मोटा," ते म्हणाले. "वरच्या आळीपातुर जायाचा."